दोन मंडया आणि तिसरे नाव

मुंबईची दगडी मंडई १८६९ मध्ये उभी राहिली आणि तिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव मिळाले. पुण्याची मंडई १८८६ मध्ये खुली झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. त्यानंतर दोनच वर्षांनी याच लॉर्ड रे यांच्या सरकारने याच क्रॉफर्डसाहेबांवर लाचखोरीच्या आरोपांची चौकशी बसवली, आणि तीही पुण्यात. पुढे साहेब गेले, गव्हर्नर गेले, सरकारही गेले. आज कागदोपत्री या दोन्ही मंडयांवर एकाच माणसाचे नाव आहे, आणि तो माणूस असा, की पुण्याची मंडई बांधायचे ठरले तेव्हा तिच्यावर पैसे खर्च करायला नगरपालिकेत त्याने विरोध केला होता.

नामांतरे आपल्याला नवी नाहीत. साहेबाची पाटी उतरवून आपल्या थोरांची पाटी चढवायची, हार घालायचा आणि विषय संपवायचा, ही आपली नेहमीची रीत. परंतु जोतीराव फुले यांचे नाव या दोन बाजारांवर चढले, त्यामागे एक जुना वाद गाडला गेला आहे. शहरातला बाजार कोणाच्या पैशाने बांधला जातो आणि कोणासाठी, असा तो वाद. तो समजून घेतला, तर कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता वर छताकडे पाहण्यातही निराळी मौज येते.

प्रथम मुंबई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसा अक्षरशः ओतला गेला. गव्हर्नर फ्रियर यांनी कोटाच्या भिंती पाडायला घेतल्या. १८६५ मध्ये कापसाचा फुगा फुटला आणि त्याच वर्षी नव्या कायद्याने शहराला पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला, तो हा क्रॉफर्ड. जस्टिस ऑफ द पीस मंडळींची सभा नावाला होती. खरी सत्ता कमिशनरच्या हातात होती, आणि ती वापरताना त्याने हात आखडता घेतला नाही. रस्ते, गटारे यांची कामे निघाली, कत्तलखाना वांद्र्याला हलवला गेला. एस्प्लनेडचे मोकळे मैदान संपून जिथे देशी लोकांची वस्ती सुरू होते, नेमक्या त्या सीमेवर मंडई उभी राहिली. साहेबाचा खानसामा आणि काळबादेवीची गृहिणी एकाच छपराखाली यावीत अशी ही जागा.

विल्यम इमर्सन या तरुण वास्तुकाराने आराखडा केला. त्याचा गुरू विल्यम बर्जेस; गुरूने काढलेले जे. जे. कलाशाळेचे नकाशे घेऊन तो मुंबईत आला होता. ती इमारत काही बर्जेसच्या नकाशाप्रमाणे झाली नाही, पण शिष्याची मंडई झाली. (कलकत्त्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल हेही पुढे याच इमर्सनचे.) भिंतींना कुर्ल्याचा दगड आणि वसईचा तांबूस दगड, आत लोखंडी खांबांवर तोललेली उंच छपरे, कोपऱ्यावर घड्याळाचा मनोरा, आणि जमिनीला थेट स्कॉटलंडच्या केथनेसहून बोटीने आणलेल्या फरशा. या फरशांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘रे’ हे गव्हर्नरांचे आडनाव नव्हे. त्यांचे नाव डोनाल्ड मॅके. ‘रे’ हे त्यांच्या घराण्याच्या सरदारकीचे नाव, आणि ते ज्या गावावरून पडले ते रे गाव त्याच केथनेसमध्ये आहे. म्हणजे पुण्याच्या मंडईला ज्या मुलखाचे नाव मिळाले, त्या मुलखाचा दगड सतरा वर्षे आधीपासून मुंबईच्या मंडईत पायाखाली होता.

प्रवेशद्वारांवरची अर्धशिल्पे जॉन लॉकवुड किपलिंग यांची. रस्त्यापलीकडच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकवत. रडयार्ड हा त्यांचा मुलगा याच आवारात १८६५ मध्ये जन्मला. आतले कारंजे इमर्सनच्या आराखड्याचे, त्यावरचे शिल्पकाम किपलिंग यांचे आणि देणगी सर कावसजी जहांगीर यांची. फळे घ्यायला आलेल्या शेकडा नव्व्याण्णव माणसांनी ही अर्धशिल्पे कधी नीट पाहिलेली नसतात, कारण त्या दारात मान वर करून उभे राहिले की मागून हमालाची पाटी खांद्याला लागते. पण एकदा धक्के खाऊनही पाहावीत. त्यांत देवदेवता नाहीत, राजेरजवाडे नाहीत. शेतात राबणारी इथली माणसे आहेत. ज्याच्या मालावर हा सगळा थाट उभा, त्याला निदान दारावर जागा मिळाली. किपलिंग यांना देशी कारागिरांविषयी आणि कष्टकऱ्यांविषयी खरोखर आस्था होती, तेव्हा ही केवळ शोभा समजू नये.

मंडई सुरेख झाली. पैशाचे काय? क्रॉफर्डच्या कामांनी नगरपालिकेचा हिशेब पार कोलमडला. करदात्यांत ओरड झाली, १८७१ मध्ये सभा भरल्या आणि क्रॉफर्डला जावे लागले. त्या रागाच्या भरात त्याची बाजू घ्यायला उठला तो पंचविशीतला फिरोजशहा मेहता. मेहतांचे म्हणणे थोडक्यात असे, की दोष माणसाचा नाही, रचनेचा आहे. खर्च करणाऱ्यावर करदात्यांनी निवडलेल्या लोकांची देखरेख असली पाहिजे. १८७२ च्या कायद्याने ६४ जणांची म्युनिसिपालिटी झाली आणि तिच्यातले निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. मुंबईच्या नागरी लोकशाहीच्या मुळाशी जी कारणे आहेत, त्यांत गटारांबरोबर या मंडईचे बिलही आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. मात्र ‘करदाता’ म्हणजे घरपट्टी भरणारा शहरवासी. शहराच्या वेशीवर गाडी उभी करून जकात मोजणारा शेतकरी त्यात धरलेला नव्हता.

हीच गोष्ट पुण्यात एकाने बोलून दाखवली.

पुण्याचा भाजीबाजार तेव्हा शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. पेशवाई बुडाली, वाडा जळला, त्याच्या दरवाज्यासमोर माळवे विकले जाऊ लागले. उन्हात, धुळीत, पावसाळ्यात चिखलात. हा बाजार हलवून शुक्रवार पेठेत खासगीवाल्यांच्या जागेवर पक्की मंडई बांधावी, असा बेत नगरपालिकेने केला. बेताला कारणे होती आणि ती खोटी नव्हती. त्या काळात युरोपातल्या शहरांत बंदिस्त बाजारांची लाट आली होती. स्वच्छता, वजनमापांवर नजर, सडक्या मालाला अटकाव, गाळ्यांचे भाडे, या सगळ्या गोष्टी छपराखाली नीट जमतात. आज पुण्याची मंडई पाहणारा कोणीही माणूस म्हणेल, की बरे झाले बांधली.

जोतीराव फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. एकट्याने हात वर करायची त्यांना सवय होती. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागताच्या शोभेसाठी एक हजार रुपये मंजूर करण्याचा प्रस्ताव आला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला द्यावा, असे फुल्यांनी सुचवले. मत घेतले तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधात पडलेले एकमेव मत त्यांचे होते. मंडईच्या बाबतीतही त्यांचे म्हणणे त्याच धर्तीचे होते. एवढी रक्कम इमारतीवर घालण्याऐवजी शिक्षणावर घालावी.

एवढेच वाचले तर फुले बाजाराला नावे ठेवणारे कोणी रुक्ष सुधारक वाटतील. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. त्या सभागृहात भाजीचा धंदा त्यांच्याइतका जवळून क्वचितच कोणी पाहिला असेल. घराण्याचे मूळ नाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून फुले हे नाव पडले. मळा घरचा. त्यांच्या कंपनीने कंत्राटी कामे केली तशी भाजीपाल्याची विक्रीही केली, आणि मांजरीला त्यांनी कालव्याच्या पाण्यावर बागायत केली. १८८२ च्या ऑक्टोबरात त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे लेखी निवेदन दिले, त्यात स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली आहे. समाजसुधारक नाही, ग्रंथकार नाही. जुन्या गंज पेठेतला व्यापारी आणि शेतकरी!

त्या निवेदनाचा गाभा असा, की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. १८८३ मध्ये लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हाच हिशेब त्यांनी पुढे नेला आणि शहरात माल आणणाऱ्या शेतकऱ्यावर पडणाऱ्या म्युनिसिपालिटीच्या जकातीचे गाऱ्हाणेही मांडले. मंडईचे काम सुरू झाले ते १८८२ मध्ये. तारखा अशा शेजारी शेजारी ठेवल्या, की त्यांच्या विरोधाचा अर्थ लागतो. नगरपालिकेची मोठी मिळकत जकातीची. जकात येते नाक्यावर अडवलेल्या गाडीतून. गाडी हडपसरच्या, मांजरीच्या, कोथरूडच्या माळ्याची. त्या पैशातून शहर स्वतःसाठी गॉथिक मनोरा बांधणार, आणि त्याच माळ्याच्या पोराला शाळा नाही. हे गणित फुल्यांना पटण्यासारखे नव्हते. माझ्या मते त्यांचा आक्षेप मंडईला नव्हताच. तिला दिलेल्या अग्रक्रमाला होता. हा फरक लक्षात न घेता ‘फुल्यांनी मंडईला विरोध केला’ एवढेच वाक्य आपण चवीने सांगत बसतो.

(१८८२ हे साल मोठे विलक्षण. त्याच वर्षी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात प्रयोग म्हणून विजेचे दिवे लागले. भोपळे आणि केळी विजेच्या उजेडात पाहण्याचे भाग्य मुंबईकरांना फार लवकर लाभले म्हणायचे.)

विरोध नोंदला गेला आणि मंडई झाली. आराखडा कर्नल वॉल्टर ड्युकॅट या लष्करी इंजिनिअरचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर या पुण्याच्या कंत्राटदाराचे. मुंबईच्या मंडईपेक्षा ही लहान, पण मला विचाराल तर रचनेने अधिक चोख. मध्ये ऐंशी फूट उंचीचा अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखे फुटलेले आठ पाख. कोणत्याही दिशेने आत शिरा, पाय मध्याकडे जातात. मध्यावर उभे राहून आठही दिशांना नजर टाकली की एकीकडे पालेभाज्यांचा ओला हिरवा रंग, एकीकडे वांगी-टोमॅटो, पलीकडे आले-लसूण-मिरची, कुठे फळे. उंच छपरामुळे आवाज वर जाऊन विरतो, म्हणून एवढ्या गर्दीतही कानठळ्या बसत नाहीत. भर मे महिन्यात बाहेर रस्ता तापलेला असताना आत दगडाचा गारवा असतो. माल ताजा राहावा म्हणून केलेली ही युक्ती गिऱ्हाइकालाही सुखाची होते.

या मंडईचे खरे वैशिष्ट्य मात्र तिथल्या बैठकीत आहे. विक्रेता उंच ओट्यावर मांडी घालून बसतो, माल त्याच्यापुढे उतरता रचलेला असतो आणि गिऱ्हाईक खाली उभे. रस्त्यावरच्या बाजारात याच्या उलट: गिऱ्हाईक उभे राहून खाली बसलेल्या बाईशी घासाघीस करते. उंची बदलली की बोलण्याचा सूर बदलतो. मंडईतल्या भाजीवालीशी भाव करताना मान वर करावी लागते, आणि पुण्यातल्या भल्याभल्यांना ती तिने करायला लावली आहे. ‘घ्यायचं तर घ्या, नुसतं चिवडू नका’ हे वाक्य त्या उंचीवरून येते तेव्हा त्याला निकालपत्राचे वजन असते. आराखडा करणाऱ्या कर्नलसाहेबांच्या मनात हे काही नसेल. त्यांना माल जमिनीपासून वर, कोरडा आणि स्वच्छ ठेवायचा असेल. पण ज्या जातींना शहरात मान वर करून बोलायची मुभा नव्हती, त्यांतल्या बायामाणसांना या ओट्याने एक जागा दिली. ‘मंडई विद्यापीठ’ हा शब्द पुण्यात थट्टेने वापरतात, पण त्या विद्यापीठातली व्यासपीठे खरोखरीच उंच होती.

मंडईला गव्हर्नरांचे नाव मिळाले आणि १८८८ उजाडले. आर्थर क्रॉफर्ड आता मध्य भागाचा कमिशनर होता. मामलेदारांच्या नेमणुका आणि बदल्या यांसाठी पैसे घेतले जातात, असा बोभाटा झाला. त्याचा हस्तक हणमंतराव जहागीरदार याला शिक्षा झाली. साहेब वेषांतर करून निसटला आणि मुंबईत पकडला गेला. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. लाचेचा आरोप सिद्ध झाला नाही, पण हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याचे सिद्ध झाले आणि क्रॉफर्डची नोकरी गेली. ज्या मामलेदारांनी सरकारच्या अभयवचनावर विसंबून पैसे दिल्याचे कबूल केले होते, त्यांच्यावर पुढे गदा आली. त्यांची बाजू घेऊन ‘केसरी’तून आणि जाहीर सभेतून भांडले ते बाळ गंगाधर टिळक. राजकीय पुढारी म्हणून टिळकांचे नाव होऊ लागले त्यात या प्रकरणाचा वाटा मोठा आहे.

तेच टिळक पुढे लॉर्ड रे यांच्या नावाच्या मंडईत पुतळ्याच्या रूपाने येऊन उभे राहिले. १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्या पुतळ्याचे अनावरण झाले. लगेच पुढच्या वर्षी केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत मागणी केली, की पुण्यात जोतीराव फुल्यांचाही पुतळा व्हावा. ती फेटाळली गेली. त्या वादात पुणे किती पेटले आणि काय काय छापले गेले, हे दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेपासून पाहता येते. इथे त्यात शिरत नाही. एवढेच ध्यानात घ्यावे, की १९२५ मध्ये ज्या नगरपालिकेला फुल्यांचा पुतळा चालला नाही, तिनेच पुढे १९३८ च्या सुमारास रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई केले. हे घडवून आणले आचार्य अत्र्यांनी. ते तेव्हा नगरपालिकेत स्थायी समितीचे अध्यक्ष होते. फुल्यांच्या नावाला जागा शोधताना अत्र्यांनी नेमकी मंडई निवडली. फुल्यांचा त्या इमारतीच्या खर्चाला विरोध होता, हे या नावात विसरले गेले खरे. पण माळी, शेतकरी, भाजी विकणाऱ्या बाया यांच्या बाजारावर त्यांच्यातल्याच माणसाचे नाव असावे, हा विचार सरळ आणि योग्य होता. टिळक आणि फुले हयातीत ज्या ज्या बाबतीत समोरासमोर उभे ठाकले, त्यांची यादी लांब आहे. आज एकाच्या नावाच्या आवारात दुसऱ्याचा पुतळा आहे आणि दोघांच्या मधून टेम्पो जातात.

लॉर्ड रे यांच्या नावावर फुल्यांचे नाव चढण्याची ही एकच वेळ नव्हे. १८९० मध्ये पुण्यात लॉर्ड रे औद्योगिक संग्रहालय निघाले. घोले रस्त्यावर तेच आज महात्मा फुले वस्तुसंग्रहालय आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही स्वातंत्र्यानंतर महात्मा जोतिबा फुले मंडई हे नाव मिळाले. पण नाव देणे आणि ते तोंडी बसणे यांत फरक असतो. पुणेकर पूर्वीही ‘मंडई’ म्हणत आणि आताही ‘मंडई’च म्हणतात, रे आले काय नि गेले काय. मुंबईत मात्र नोकरीतून काढला गेलेला क्रॉफर्ड टॅक्सीवाल्याच्या जिभेवर अजून टिकून आहे. निष्कलंक गव्हर्नर विसरला गेला आणि उधळ्या कमिशनर राहिला. याला न्याय म्हणायचे की बाजाराची स्मरणशक्ती, ते वाचकांनी ठरवावे.

दोन्ही ठिकाणचा घाऊक व्यापार आता राहिलेला नाही. पुण्याचा गुलटेकडीला गेला. मुंबईचा १९९६ मध्ये वाशीला. त्याबरोबर मध्यरात्री येणाऱ्या गाड्या, आडत्यांचे पुकारे, हमालांच्या आरोळ्या हेही गेले. क्रॉफर्ड मार्केटात फळांच्या पेट्यांशेजारी आता परदेशी चॉकलेटे, सुकामेवा आणि प्लॅस्टिकचे डबे आहेत. हापूसचा हंगाम आला की मात्र पेंढ्याचा आणि आंब्याचा तो एकजीव वास जुन्याच ताकदीने छपराखाली भरून राहतो, आणि बाहेर पडून समोर फालुदा खाण्याचा रिवाजही मोडलेला नाही. पुण्याच्या मंडईजवळ भुयारी मेट्रो आली. खाली रूळ, वर दोडके.

मंडईत जायचे तर लोक सकाळ सुचवतात. माल ताजा, गर्दी कमी. माझे मत संध्याकाळचे. दिवे लागले, की पाखांतून पिवळा उजेड भाज्यांवर पडतो, राहिलेल्या मालाचे वाटे लावले जातात आणि भाव खाली येऊ लागतात. त्या वेळी येणारी गिऱ्हाइके वेगळी असतात. कामावरून परतणाऱ्या बाया, खानावळीवाले, हातात मोजके पैसे असलेली शिकणारी मुले. त्यांतली कित्येक गावाकडून शिक्षणासाठीच पुण्याला आलेली असतात. ओट्यावरची बाई वाटा उचलून पिशवीत टाकते, वर दोन मिरच्या टाकते आणि पुढच्याकडे वळते.